तांदळातलं नाव

गणपतीच्या आरतीला सोवळं नेसून आणि डोक्यावर काउबॉय हॅट घालून उभा राहिलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कॅनडातल्या किचनर गावात एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन मंडळाचा गणपती बसला होता. मला पुण्याहून येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, ओळखीचं कुणी नव्हतं, आणि समोर हे ध्यान. लाल कद, खांद्यावर उपरणं आणि वर रुंद काठाची तपकिरी हॅट. मी शेजारच्या बाईंना हळूच विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ते होय? ते आमचे कंट्रीकाका." जणू प्रत्येक मंडळाला असा एक काका मिळतोच. आरती संपल्यावर एका गृहस्थांनी त्यांना हटकलंच, "अहो, देवासमोर तरी काढा ते डोक्यावरचं." काका शांतपणे म्हणाले, "देवापुढे बोडक्या डोक्याने उभं राहू नये, असं वडील सांगायचे. त्यांची काळी टोपी होती, माझी ही आहे." मग प्रसादाच्या रांगेत त्यांनी मला विचारलं, "राहतेस कुठे?" मी म्हटलं, शोधतेय. "आमचं बेसमेंट रिकामं आहे. फक्त गाणी ऐकावी लागतील."

ही धमकी होती हे मला राहायला गेल्यावर कळलं. सकाळी सातला गॅरेजमधला रेडिओ सुरू व्हायचा तो रात्रीच्या जेवणापर्यंत. सगळी कंट्री म्युझिकची गाणी. काका साताऱ्याहून डिप्लोमा करून इथे आले आणि मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका प्लांटमध्ये चौतीस वर्षं मशीनवर उभे राहिले. तिथल्या फोरमनचा रेडिओ हीच त्यांची इंग्रजीची शाळा. त्यामुळे त्यांचं इंग्रजी त्या गाण्यांसारखंच होतं. बँकेतल्या पोरसवदा मुलीला ते "मॅम" म्हणायचे आणि वाक्याची सुरुवात गावरान "आय रेकन"ने करायचे. ओकव्हिलला राहणारा त्यांचा मुलगा कपाळाला हात लावायचा. "डॅड, नोबडी टॉक्स लाइक दॅट!" काका मला मराठीत सांगायचे, "याचं इंग्रजी शाळेतलं आहे. माझं आठ तास उभं राहून शिकलेलं आहे."

मला ती गाणी आधी मुळीच आवडली नाहीत. मी तसं सांगितलंही. काकांना राग आला नाही, उलट शिकवायला विद्यार्थी मिळाल्याचा आनंद झाला. "हे बघ, आपल्या भावगीतात चंद्र असतो, यांच्यात पिकअप ट्रक. आपल्याकडे ती रुसते, यांच्याकडे ती ट्रक घेऊन जाते. बाकी सगळं तेच." मग पुढे म्हणायचे, "पण यांचं एक मानलं पाहिजे. बायकोचं नाव घ्यायला लाजत नाहीत. भर रेडिओवर घेतात, सगळ्या प्रांताला ऐकू जाईल असं." हे वाक्य त्यांनी मला त्या वर्षात निदान दहा वेळा ऐकवलं असेल. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला मात्र वेळ लागला.

कारण काका स्वतः काकूंना कधी नावाने हाक मारत नसत. ते "अगं" म्हणत. बस. बेसमेंटमध्ये राहून मला त्यांच्या "अगं"चे प्रकार पाठ झाले होते. चष्मा सापडत नसला की आखूड, चहा हवा असला की जरा लाडात, बाहेर बर्फ पडायला लागलं की खिडकीपाशी उभं राहून हळू आणि लांब. काकू प्रत्येक "अगं"ला बरोबर वस्तू घेऊन हजर. त्यांच्याकडूनही उत्तर ठरलेलं: "आले हो." दोघांचा सेहेचाळीस वर्षांचा संसार या दोन शब्दांवर चालला होता आणि माझ्या मते झकास चालला होता.

मला काकूंचं नावच माहीत नाही, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला तिथे राहायला लागून दोन महिने झाले होते. त्यांच्यासाठी पार्सल आलं होतं, सही मी केली, आणि वर लिहिलेलं "माधवी" वाचून विचारलं, "काकू, हे तुमचं नाव का?" काकू तांदूळ निवडत होत्या. ताटातले तांदूळ एका बाजूला सारत म्हणाल्या, "कोणतं सांगू? माहेरचं मंदाकिनी. ते कागदावरचं सासरचं."

मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. काका कॅनडातून सुट्टीवर गेले होते, तीन आठवड्यांत लग्न. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं, ही आपली पद्धत. काकांच्या आईने नाव आधीच ठरवलं होतं, माधवची माधवी. "मी वाकून बघितलं," काकू म्हणाल्या, "तर मला वाटलं, गोंधळात ह्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं की काय! मग शेवटची वेलांटी दिसली. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मला कुणी विचारलं नाही. मला माझं नाव फार आवडायचं गं. आजोबांनी ठेवलेलं." इथे आल्यावर काकांनी दोनदा "माधवी" म्हणून हाक मारून पाहिली. दोन्ही वेळा काकूंनी वळून पाहिलं नाही; कुणा दुसरीला बोलावतायत असं त्यांना वाटलं. मंदाकिनी म्हणावं, तर आईने टाकलेलं नाव. काका मधल्या मध्ये अडकले आणि "अगं"वर येऊन थांबले. "कामावर मी मॅडी झाले. हेही प्लांटमध्ये मॅडीच. ह्यांचा मित्र डग, त्याचं ख्रिसमसचं कार्ड यायचं, मॅडी अँड मॅडी." काकू हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

मी त्या दिवशी काकांवर भयंकर चिडले होते. हॅट काय, रेडिओ काय, आणि घरातल्या बाईचं नाव घ्यायला यांची जीभ रेटत नाही! ही चीड मी पुढच्या आठवड्यात काढलीच. काका गॅरेजमध्ये माझ्या गाडीला विंटर टायर लावत होते आणि मी पाने हातात देत होते. माझा नवरा निखिल तेव्हा पुण्यात व्हिसाची वाट बघत बसला होता, त्याचा फोन आला. मी बोलून ठेवल्यावर काका टायरमागून म्हणाले,

"त्याला सरळ निखिल म्हणतेस?"

"मग काय म्हणू?"

"आणि तो तुला सई?"

"हो. नावं त्याच्यासाठीच असतात, काका."

 चारही नट घट्ट करून झाले, तरी पाना हातात धरून बसून राहिले. मग म्हणाले, "मी चुकलो ते मला त्याच दिवशी कळलं होतं, पोरी. ताट समोर होतं, तिचा चेहरा समोर होता. पण तांदूळ सारखे करून परत लिहायचं धाडस झालं नाही. मग एक दिवस गेला, एक वर्ष गेलं. आता एवढ्या वर्षांनी एकदम नाव घेतलं, तर तिला वाटेल, ह्यांना काय झालं?" माझी चीड तिथेच अर्धी झाली. उरलेली अर्धी मी बरेच दिवस जपून ठेवली होती.

पुढच्या उन्हाळ्यात काकांचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून गेली, मग ॲलर्जी म्हणून. ऑगस्टमध्ये निदान झालं, स्वरयंत्रात गाठ, वाईट जातीची. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस राहील, आवाज राहणार नाही. घरी आल्यावर काकूंनी देवापाशी दिवा लावला आणि स्वयंपाकाला लागल्या. काका जिना उतरून माझ्याकडे खाली आले. तोपर्यंत ते कधी बेसमेंटमध्ये आले नव्हते. भाडेकरूच्या खोलीत जाऊ नये, असा त्यांचा नियम होता. डोक्यावरच्या हॅटची कड चाचपत, खरखरीत आवाजात म्हणाले, "सई, तू सॉफ्टवेअरवाली. एक गाणं जगापुढे आणायचं तर काय करावं लागतं?"

खिशातून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला. घड्यांवर तो झिजून फाटायला आला होता, म्हणजे लिहून बरीच वर्षं झाली असणार. इंग्रजीत होतं, त्यांच्या त्या प्लांटमधल्या इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर साधारण असं: साताऱ्यात एका ताटात मी तांदळावर नाव लिहिलं, छान होतं, पण तुझं नव्हतं. मग बर्फ उपसला, पोर वाढवलं, घराचं कर्ज फेडलं, आणि तुला हाक मारताना रोज नावापाशी येऊन थांबलो. आज तांदूळ सारखे करतो आणि पुन्हा लिहितो. पुढे तिचं नाव होतं. गाण्याचं शीर्षक, "नेम इन द राइस". मला वाचता वाचता नीट दिसेना.

"अल्बम करायचा का?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"छे! सिंगल. एकच गाणं. बाई एकच आहे."

रेकॉर्डिंग डगच्या बेसमेंटमध्ये झालं. डग म्हणजे तोच ख्रिसमसच्या कार्डवाला, काकांच्या शेजारच्या मशीनवर वीस वर्षं उभा राहिलेला. तो मांडीवर आडवी ठेवायची स्टील गिटार वाजवायचा, लांब सूर काढणारी. काकूंना सांगितलं होतं की आम्ही तपासणीला चाललोय. पहिल्या दिवशी काका दोन्ही कडवी सुरेख गायले आणि नावाशी आले की गप्प. पुन्हा सुरुवात. पुन्हा गप्प. सहाव्या वेळी त्यांनी नावाच्या जागी चक्क "अगं" म्हटलं. डगने गिटार खाली ठेवली. "मॅडी, जस्ट से हर नेम, मॅन. शी इज युअर वाइफ."

दुसऱ्या दिवशीही तेच. आवाज दर दिवशी आणखी खाली जात होता, आणि ऑपरेशनला आठ दिवस उरले होते. मी म्हटलं, काका, गाणं राहू द्या, घरी जाऊन तोंडाने सांगा. ते म्हणाले, "तोंडाने नाही जमत गं. गाण्यातच जमलं तर जमेल." तिसऱ्या दिवशी त्यांनी डोक्यावरची हॅट काढली. घरात, देवळात, फोटोत कधी न निघालेली ती हॅट त्यांनी गुडघ्यावर ठेवली, केस चापून बसवले, एखाद्या मोठ्या माणसासमोर बसावं तसे ताठ बसले आणि डगला खूण केली. त्या वेळी नाव आलं. "मंदाकिनी." फाटलेल्या आवाजात, शेवटचं अक्षर जरा खाली पडलेलं. डगने पुढचा सूर लावायला थोडा उशीर केला, कारण तो डोळे पुसत होता. गाण्यात ती जागा आजही तशीच आहे. आम्ही पुन्हा रेकॉर्ड केलं नाही.

गाण्याच्या मुखपृष्ठासाठी फोटो हवा होता. काकांनी गॅरेजमध्ये काकूंचं ताट आणि दोन वाट्या तांदूळ पळवून आणले. अंगठी बोटातून निघेना, साबण लावून काढली. त्याच अंगठीने त्यांनी तांदळात नाव लिहिलं, वेलांट्यांसकट, सावकाश. मी फोटो काढला. संध्याकाळी त्याच तांदळाची खिचडी झाली आणि काकूंना पत्ता लागला नाही.

मी गाणं त्याच दिवशी इंटरनेटवर चढवणार होते. काकांनी कालनिर्णय उघडलं आणि बोट ठेवलं. पितृपंधरवडा. "या पंधरवड्यात नवीन काही सुरू करत नाहीत." मी हात जोडले. काका, ऑपरेशन याच पंधरवड्यात आहे, काकू ऐकतील तेव्हा तुम्हाला दोन शब्द बोलता यायला हवेत! इथे कॅनडात कोण बघतंय तिथी? ते म्हणाले, "मी बघतोय ना. एकदा घाईत दुसऱ्याचं ऐकून नाव लिहिलं. या वेळी सगळं नीट होऊ दे." मी पुष्कळ भांडले. ती चूक होती असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पण गाणं त्यांचं होतं. मी नवरात्रातल्या शुक्रवारची तारीख टाकली.

तो शुक्रवार उजाडला तेव्हा काका हॉस्पिटलमधून घरी आले होते. गळ्याला पट्टी, मांडीवर मुलांची पुसायची पाटी. काकू उपासाचा साबुदाणा परतत होत्या. मी फोन ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "काकू, जरा ऐका." आधी गिटार वाजली. मग आवाज आला आणि काकूंचा झारा थांबला. तो आवाज पुन्हा ऐकायला मिळेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्यांना पहिल्या ओळीपासून सगळं समजत होतं, मला ते त्यांच्या मानेवरून दिसत होतं. नाव आलं. काकूंनी गॅस बंद केला.

गाणं संपलं तरी त्या पाठमोऱ्याच होत्या. मग वळून काकांना म्हणाल्या, "हाक मारता येत होती तेव्हा नाही मारलीत. आता घेताय नाव?"

काकांनी पाटीवर लिहिलं, "चुकलं." काकूंनी ते वाचलं. पदराने पाटी पुसली, इतकी घासून पुसली की ती मोडेल असं वाटलं. मग त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि मला म्हणाल्या, "पुन्हा लाव." आम्ही ते अकरा वेळा ऐकलं. साबुदाण्याचा दगड झाला.

गाणं काही गाजलं नाही. गावातल्या छोट्या रेडिओ स्टेशनने एका शनिवारी लावलं, एवढंच. डगने त्याच्या गाडीत मोठ्या आवाजात लावून लोकांना छळलं. पण घरात मात्र ते चांगलंच गाजलं. काकांना गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, घोगऱ्या, एकसुरी आवाजाचं. डॉक्टरांशी, मुलाशी, माझ्याशी ते यंत्राने बोलायचे. काकूंशी नाही. पाटीवर लिहून त्यांनी मला सांगितलं, "या डब्यातून तिचं नाव घेणार नाही." मी गाण्यातला तेवढाच तुकडा कापला आणि त्यांच्या फोनवर एक बटण करून दिलं. दाबलं की "मंदाकिनी", मागे गिटारचा उशिरा आलेला सूर.

मग काय, दिवसभर तेच. चष्मा, मंदाकिनी. चहा, मंदाकिनी. बाहेर बर्फ पडतंय, मंदाकिनी. काकू वैतागायच्या. "आधीचं अगं बरं होतं, त्यात काय हवंय ते तरी कळायचं!" पण एकदाही त्यांनी "आले हो" म्हणायला उशीर केला नाही. मी खाली लॅपटॉपवर काम करता करता ऐकायची. त्याच सुमारास मी मंडळात सगळ्यांना मंदाकाकू म्हणायला लावलं. थोडी जबरदस्तीच केली म्हणा ना.

अशी दोन वर्षं मिळाली. निखिल आला, आम्ही दोघं एका कॉन्डो फ्लॅटमध्ये राहायला गेलो. जाताना काकांनी मला पाटीवर लिहून दाखवलं, "नवऱ्याला रोज नावाने हाक मार. भांडण असलं तरी." भांडण असलं की तेव्हापासून माझी फार पंचाईत होते. पुढच्या मार्चमध्ये, बर्फ वितळायला लागलं असताना, काका झोपेतच गेले. हॅट डगने मागून घेतली. तो अजून ती घालत नाही, गिटारशेजारी ठेवतो.

मला काका फार आठवतात. त्यांच्यावरची माझी उरलेली अर्धी चीड कुठे गेली, तेही आता आठवत नाही.

गेल्या महिन्यात मी मंदाकाकूंकडे गेले होते. गप्पा चालल्या होत्या, मी गवार मोडत होते, काकू तांदूळ निवडत होत्या. बरोबर चार वाजता काकांच्या खुर्चीवर ठेवलेला फोन वाजला. "मंदाकिनी." मागे तो उशिरा आलेला सूर. मी दचकले. काकू म्हणाल्या, "नातवाकडून अलार्म लावून घेतलाय. ह्यांची चहाची वेळ." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, खुर्चीकडे बघितलं, आणि नेहमीचं "आले हो" मला अपेक्षित होतं.

"आले, माधव," काकू म्हणाल्या.

मी बघतच राहिले. काकूंनी फोन बंद केला आणि ओट्याकडे वळल्या. "बघतेस काय? आधण ठेव. आणि आलं जास्त घाल, त्यांना लागतं."